सोवान्नीच्या नावाची जागा

८ सप्टेंबर २०१८, शनिवार

शनिवारची शिकवणी आज पुन्हा सुरू झाली. शिकवणी म्हणायचं आपलं. सेंटरच्या मागच्या खोलीत दोन टेबलं, अडखळत चालणारा एक प्रिंटर, आणि टेव्हीच्या आईनं पाठवलेले केळीच्या पानातले चिकट भाताचे मुटके. टेव्ही सेंटर चालवते. सव्वीस वर्षांची आहे, आणि लोवेलमधल्या आमच्या ख्मेर, म्हणजे कंबोडियन, पोरांना फॉर्म भरायला शिकवलं की ती कॉलेजात जातील असं तिला वाटतं. मलाही तसंच वाटतं. म्हणून तर आठवडाभर दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलून शनिवारी इथे येते.

मुलांबद्दल सेंटरच्या रजिस्टरात लिहायचं असतं, ते पैसे देणाऱ्या फाउंडेशनला दाखवतात. तिथे लिहिता येत नाही ते इथे लिहिणार आहे.

सहा येणार होती, चार आली. त्यातली तिघं मुटके संपल्यावर गेली. उरली ती सोवान्नी प्रुम. सतरा वर्षांची, शाळेचं शेवटचं वर्ष, गणितात वर्गात पहिली. नखांत काळं ग्रीस. मी बघतेय हे पाहून तिनं हात टेबलाखाली घेतले. म्हणाली, "बाबांचं गॅरेजचं काम आहे, मिंग. रविवारी मी पण जाते." मिंग म्हणजे मावशी. अडतिसाव्या वर्षी मी अख्ख्या गल्लीची मावशी झाले आहे.

"कुठं जायचंय शिकायला?" मी विचारलं.

"जवळच कुठंतरी."

"जवळ म्हणजे किती?"

"बसनं संध्याकाळी घरी येता येईल इतकं."

मी तिला पश्चिमेकडचं विद्यापीठ दाखवलं. दोन तासांवर आहे. तिथे इंजिनिअरिंग चांगलं. मी स्वतः तिथेच एक सत्र होते, वीस वर्षांपूर्वी, हा निव्वळ योगायोग. तिनं चित्रं पाहिली, तळं, विटांच्या इमारती, आणि म्हणाली, "सुंदर आहे. पण लांब आहे." मी म्हटलं, लांब आहे म्हणूनच.

६ ऑक्टोबर, शनिवार

सोवान्नीची अर्जांची ऑनलाइन खाती उघडली. पोरं पासवर्ड विसरतात म्हणून मी ते माझ्या वहीत लिहून ठेवते.

तिनं निबंध आणला होता. व्हॅनचा पाण्याचा पंप बदलताना एक स्क्रू इंजिनात पडला. तिच्या बाबांनी मासेमारीच्या दोरीला लोहचुंबक बांधून तो अर्धा तास गळाला लावल्यासारखा शोधला. लागला तेव्हा म्हणाले, लहान आहे, परत सोडू या का. एवढंच. वाचताना मला हसू आलं. पण हसवून प्रवेश मिळत नाही.

"यात तुझं दुःख कुठे आहे?" मी विचारलं.

"मला दुःख नाहीये, मिंग."

"घरात कुणाला असेल की."

तिनं निबंधाच्या कागदाची घडी घातली. मग हळूहळू सांगितलं. तिचे बाबा थायलंडच्या सीमेवर छावणीत जन्मले. चार वर्षांचे असताना इथे अमेरिकेत आले. एकोणिसाव्या वर्षी एका मारामारीत सापडले, शिक्षा भोगली, आणि त्या शिक्षेपायी देशातून काढून टाकायचा हुकूम त्यांच्या नावावर निघाला. तो हुकूम कधी अमलात आला नाही. पण दर वर्षी जानेवारीत त्यांना इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन हजेरी द्यावी लागते. "आदल्या आठवड्यात ते फार बडबड करतात," ती म्हणाली. "एकसारखे विनोद. म्हणून आम्हाला कळतं."

मी म्हटलं, हे लिही. स्क्रूचं राहू दे.

११ नोव्हेंबर, रविवार

आज प्रुमांच्या घरी गेले. शिष्यवृत्तीचा सरकारी फॉर्म आईबापांच्या नावाशिवाय पुढे सरकत नाही, आणि सोवान्नी तीन आठवडे "बाबा विचार करतायत" एवढंच सांगत होती.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. वुथीनं, म्हणजे सोवान्नीच्या बाबांनी, आधी जेवायला बसवलं. नदीतल्या माशाचं आंबट कालवण त्यानंच केलं होतं. माणूस माझ्याहून वर्षभरानं मोठा, अंगानं दांडगा, बोलायला गोड. त्याची बायको सारुन सर्किटच्या कारखान्यात भिंगाखाली तारांना डाख देते. डोळे बारीक करूनच बघते सगळ्याकडे, माझ्याकडेही. धाकटी थिदा तेरा वर्षांची, काट्यांसकट मासा खाणारी.

जेवण झाल्यावर वुथीनं हात पुसून विचारलं, "नेआक क्रू, हा कागद जातो कुठे?" बाईमाणसाला मास्तर म्हणायचं ते असं. मला ते ऐकायला आवडतं, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

"शिक्षण खात्याकडे," मी म्हटलं.

"आणि तिथून?"

"तिथून विद्यापीठाकडे. संपलं."

"ती दुसरी माणसं नाही बघत?"

"ते खातं वेगळं, बाँग. हे वेगळं." बाँग म्हणजे थोरला भाऊ.

"सरकार एकच ना पण." तो हसला. "मी सोवान्नीच्या कानात काही सांगितलं, की सारुनला कळतंच. घर एक आहे."

सारुन भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "नाव नाही घातलं तर?"

"तर शिष्यवृत्ती नाही. आणि शिष्यवृत्ती नाही तर काहीच नाही."

वुथीनं माझा लॅपटॉप आपल्याकडे वळवून पडद्यावरची रिकामी चौकट बघितली. म्हणाला, "माझं नाव कुठल्या कागदावर गेलं, की घरी काहीतरी येतंच. आजवर चांगलं काही आलेलं नाही."

तेव्हा मी आईची शपथ घेतली. म्हटलं, "माझ्या आईच्या अस्थींची शपथ, बाँग, हा कागद त्यांच्याकडे जात नाही." देवळात तिचा कलश ठेवून दोन वर्षं झाली. असली शपथ मी कधी घेतलेली नाही. पण मी सगळं वाचलं होतं, विचारलं होतं, आणि दोन तासांवर एका मुलीचं आयुष्य होतं.

त्यानं एका बोटानं आपलं नाव टाइप केलं. मग मला खाली गाडीपर्यंत पोचवायला आला आणि गवती चहाची जुडी हातात दिली.

३० डिसेंबर, रविवार

सगळे अर्ज गेले. निबंध अप्रतिम झाला आहे. टेव्ही वाचताना रडली. सोवान्नीला विचारलं, बाबांना दाखवलास का? म्हणाली, "नाही. इंग्रजी त्यांना नीट येतं ना, म्हणून."

२३ जानेवारी २०१९, बुधवार

दुपारी सोवान्नी दवाखान्यात आली. खुर्चीत बसलेले पेशंट बघत होते म्हणून मी तिला मागे फायलींच्या खोलीत नेलं.

आज वुथीची हजेरी होती. दर वर्षी अर्धा तास लागतो. ती शाळा बुडवून सोबत गेली होती, व्हॅनमध्ये पुस्तक घेऊन बसली होती. दोन तासांनी आत गेली तर एका माणसानं तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली. पट्टा, किल्ल्या, पाकीट, बुटांच्या नाड्या.

"मी विचारलं, नाड्या कशाला काढल्या? तो म्हणाला, नियम आहे." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मग मी व्हॅन चालवत आणली, मिंग. हायवेवरनं. माझ्याकडे अजून पक्कं लायसन्स नाहीये. थांबवलं असतं तर?"

आजच्या दिवसात गुन्हा झालाच असेल तर तो तिच्याकडून झाला, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. मी तिला जवळ घेतलं. ग्रीसचा वास आला. मग मी म्हटलं, उद्याची भौतिकशास्त्राची परीक्षा चुकवू नकोस. या सत्राचे मार्क विद्यापीठाला जातात.

तिनं मान हलवली. परीक्षा देईल ती. खंबीर मुलगी आहे.

२७ जानेवारी, रविवार

त्यांच्या घरी गेले. सारुननं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही. मी जिन्यातच बोलले. वकिलाचा नंबर दिला. मग न राहवून सांगितलं की याचा त्या फॉर्मशी काहीही संबंध नाही. या वर्षी ते खूप जणांना धरतायत, पलीकडच्या गल्लीतल्या दोघांना नेलं, त्यांनी कुठे कसला फॉर्म भरला होता.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "नऊ वर्षं तो जात होता, नेआक क्रू. नऊ वर्षं घरी येत होता. त्या नऊ वर्षांत तुम्ही नव्हता."

दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी पुन्हा सगळं शोधून वाचलं. संबंध नाही. असता तर कुठेतरी लिहिलेलं असतं. पण नाही असं तरी कुठे लिहिलंय?

१६ फेब्रुवारी, शनिवार

फाउंडेशनच्या बाई आल्या होत्या. पडद्यावर गोल तक्ता दाखवला. एशियन मुलांचं कॉलेजात जाण्याचं प्रमाण सगळ्यांत उत्तम आहे म्हणाल्या, म्हणून पुढच्या वर्षी ही मदत दुसऱ्या गटांना. टेव्हीनं विचारलं, "त्या आकड्यात आमची पोरं किती आहेत?" बाई म्हणाल्या, तसं वेगळं मोजलेलं नाही.

जूनमध्ये शनिवारची शिकवणी बंद. सोवान्नी आज आली नव्हती. या महिन्यातला हा तिसरा शनिवार. कुणी मुलगा तर नसेल ना तिच्या डोक्यात, अशी मला शंका येते. या वयात तसंच होतं.

९ मार्च, शनिवार

मुलगा नाही. वुथीच्या गॅरेजच्या मालकानं तिला टेबलावर बसवलं आहे, फोन घ्यायला. शिवाय सारुनला गाडी येत नाही, म्हणून पहाटे कारखान्यावर ती सोडते, मग थिदाला, मग स्वतः शाळेत. शनिवारी तुरुंगात बाबांना भेटायला जाते. काचेतून भेट, वीस मिनिटं. थिदाला अजून एकदाही नेलेलं नाही.

मी विचारलं, "बाबा काय म्हणतात?"

"विनोद सांगतात," ती म्हणाली.

२३ मार्च, शनिवार

मिळाला. प्रवेश मिळाला, पूर्ण शिष्यवृत्तीसकट, राहण्याजेवणासकट. वीस वर्षांत मला इतका आनंद झालेला नाही.

पत्र तिनं सेंटरमध्ये आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. खाली कुणीतरी पेनानं दोन ओळी लिहिल्या होत्या. तुझ्या वडिलांची गोष्ट आमच्या सगळ्यांच्या मनाला भिडली, अशा अर्थाच्या.

"त्यांना बाबा आवडले," सोवान्नी म्हणाली.

टेव्हीनं तिला मिठी मारली, मी मारली. ती उभी होती. मग पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाली, "जाते मिंग, गॅरेज उघडायचंय."

इतक्या मोठ्या गोष्टीला पोर भांबावून जाणारच.

१३ एप्रिल, शनिवार

देवळात ख्मेर नव्या वर्षाची गर्दी. पोरं एकमेकांच्या तोंडाला पावडर फासत होती. सारुन दिसली, तिनं भिक्षूंपुढे भात वाढला आणि माझ्या बाजूला न बघता निघून गेली. वाळली आहे. थिदा म्हणते, आई जेवायला बसते पण जेवत नाही.

सोवान्नी मला चपलांच्या ढिगाजवळ भेटली. विचारलं, "मिंग, एक वर्ष उशिरा जाता येतं का? जागा ठेवतात का तशी?"

ठेवतात. त्याचा अर्ज असतो, विद्यापीठाच्या पानावर खाली बारीक अक्षरात आहे, मी वाचला आहे.

"असं कुणी थांबत नाही आपल्यासाठी," मी म्हटलं.

"पण विचारून बघितलं तर?"

"सोवान्नी, एक वर्ष म्हणजे कायमचं. माझ्याकडे बघ."

तिनं खरंच माझ्याकडे बघितलं. मी नव्याण्णवच्या जानेवारीत आईसाठी एका सत्राची रजा घेऊन घरी आले होते. एका सत्राची. आई एकदा बरी व्हायची, एकदा झोपून राहायची, भिंतीकडे तोंड करून. तिला सोडून कसं जाणार. अशी अठरा वर्षं गेली. हे मी सोवान्नीला सांगितलं. मला वाटलं, कळेल तिला.

"मग तुमच्या आईजवळ तुम्ही होता," ती म्हणाली, "ते चांगलंच ना?"

मला तिचा रागच आला. नवीन वर्षाच्या दिवशी.

१ मे, बुधवार

प्रवेश स्वीकारायची आज शेवटची तारीख. सकाळी, दुपारी, पाच वाजता फोन केला. उचलला नाही. सहाला संदेश आला: "मी नाही म्हणून कळवणार नाहीये. आपोआप जाऊ दे. सॉरी मिंग."

साडेसातला वही काढली. पासवर्ड होताच. दोन प्रश्न होते आणि एक चौकोन. मी तिच्या नावानं हो म्हटलं.

 बुडणाऱ्याला केस धरून ओढावं लागतं. ऑगस्टपर्यंत काय वाटेल ते होऊ शकतं. वकील म्हणतो आशा कमी आहे. कमी म्हणजे नाही असं नाही. तेव्हा जागा हातात असलेली बरी. ती मला दुवा देईल.

१८ जून, मंगळवार

काल विद्यापीठाचं पाकीट त्यांच्या घरी गेलं. खोलीचा नंबर, खोलीतल्या सोबतिणीचं नाव, यायचा दिवस. सोवान्नी गॅरेजवर होती. थिदानं पाकीट उघडून आईला ख्मेरमध्ये वाचून दाखवलं. तिला वाटलं, ताई गुपचूप जाणार आहे आणि मोठीच बातमी आहे.

सारुन उठली आणि सोवान्नीचे कपडे घड्या करून पिशवीत भरायला लागली. संध्याकाळी सोवान्नी आली तेव्हा दोन पिशव्या दाराशी. सारुन तिला म्हणाली, "जायचंय तर आत्ता जा. तो गेला तसं. सांगून जाणाऱ्यांचं मला बघवत नाही."

हे मला आज जेवणाच्या सुट्टीत कळलं. सोवान्नी दवाखान्याबाहेर उभी होती. रात्रभर झोपली नसावी. ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"तुम्ही विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "म्हणून नाही विचारलं ना?"

"तुझ्या भल्यासाठी केलं मी."

"माहितीये." मग म्हणाली, "आईला मी रात्री तीनदा शपथ घेऊन सांगितलं की ते मी केलं नाही. ती म्हणते, नेआक क्रूनं पण शपथ घेतली होती."

मी घड्याळ बघितलं, सुट्टीची दहा मिनिटं उरली होती.

"सकाळी मी विद्यापीठाला फोन केला. एक वर्ष पुढे ढकलायचा अर्ज असतो, मिंग. त्या बाई चांगल्या होत्या बोलायला. म्हणाल्या, तुझ्यासारख्यांना आम्ही नक्की देतो. पंधरा जूनपर्यंत द्यायचा होता. तीन दिवस झाले." ती माझ्याकडे बघत होती, अगदी साध्या नजरेनं, गणितात अडलेलं पोर बघतं तशी. "तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, नाही.

"बरं," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा "बरं" म्हणाली, आणि रस्ता ओलांडून व्हॅनमध्ये बसली.

तिला कळलं असेल का? मला वाटतं, नसेल.

२० जून, गुरुवार

विद्यापीठाला मी स्वतः ईमेल लिहिली. सगळी चूक माझी असं लिहिलं, मग ते पुसलं आणि घरगुती अडचणींमुळे उशीर झाला असं लिहिलं. उत्तर आलं, चार ओळींचं, सभ्य. यादी बंद झाली आहे. पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करावा. नव्या अर्जाला नवा फॉर्म लागणार, आणि नवा निबंध.

२९ जून, शनिवार

सेंटरची खोली रिकामी केली. प्रिंटर कुणालाच नको होता. टेव्हीला विमा कंपनीत नोकरी लागली. ती म्हणाली, "मिंग, रजिस्टरात शेवटचा आकडा काय लिहू? चारपैकी किती गेले?"

तीन मुटकेवाल्यांपैकी एक सैन्यात भरती झाला.

"शून्य लिही," मी म्हटलं.

"एक लिहिते. प्रवेश तर मिळाला होता ना?" तिनं एक लिहिला.

५ जुलै, शुक्रवार

वुथीला परवा विमानानं नेलं. कंबोडियात, नॉमपेन्हला. ज्या देशात तो जन्मलाही नव्हता तिथे. निरोपाची भेट मिळाली नाही, आधी कळवलंच नाही. थिदानं बाबांना शेवटचं पाहिलं ते जानेवारीत, नाश्त्याला.

हे मला बाजारात भाजीवालीकडून कळलं. मी त्यांच्या घरापर्यंत गेले, बेलवर बोट ठेवलं, दाबली नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

आज तिथे पोरं खोल्यांत राहायला आली असतील. तिची जागा आता दुसऱ्या कुणाला दिली असेल.

मी गाडीचं तेल बदलायच्या निमित्तानं गॅरेजवर गेले. सोवान्नी टेबलामागे होती. केस कापले आहेत. मला बघून उठून उभी राहिली, वडीलधाऱ्या माणसासाठी उठतात तशी. हात जोडले. "किती मैल झालेत, मिंग?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं लिहून घेतलं, पावती दिली, पुन्हा हात जोडले. एवढंच बोलणं झालं. ती रागावली असती तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

बाहेरच्या बाकावर थिदा बसली होती, चिप्स खात. मी विचारलं, शाळा कधी सुरू? ती म्हणाली, "आईनं सांगितलंय तुमच्याशी नाही बोलायचं." मग जरा थांबून, वाईट वाटू नये म्हणून असेल, पुडा माझ्यापुढे धरला.

६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी नऊला फोन वाजला. लांबचा नंबर.

"नेआक क्रू, ओळखलंत का?"

वुथी होता. आवाज उशिरा पोचत होता, म्हणून आम्ही सारखे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होतो. तिथे संध्याकाळचे आठ वाजले होते. एका म्हातारीकडे खोली घेतली आहे. शेजारच्या शाळेत छोट्या मुलांना इंग्रजी शिकवतो.

"मी नववीत शाळा सोडली, आणि इथे मला क्रू म्हणतात," तो म्हणाला. "पोरं माझं ख्मेर ऐकून हसतात. म्हणतात, मास्तर, तुम्ही लहान मुलासारखं बोलता. बरोबरच आहे. आईकडून शिकलो तेवढंच माझ्याकडे, आणि आई मी आठ वर्षांचा असताना गेली."

मी हसले. काय करणार.

"तुम्हाला यासाठी फोन केला," तो म्हणाला. "सोवान्नी बरी आहे ना तिथे? माझ्याशी फार बोलत नाही. अभ्यास असतो म्हणते. सारुनला विचारलं तर ती म्हणाली, नेआक क्रूनं स्वतः नेऊन सोडलं, त्यांना विचारा."

ओट्यावर चहा उकळून वर आला. मी गॅस बंद केला.

सारुननं सांगितलं होतं. सारुननं माझं नाव घेऊन सांगितलं होतं.

"हॅलो? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "बरी आहे ती."

"खोली कशी आहे?"

"चांगली आहे. तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून तळं दिसतं. खिडकी जरा अडकते, खालच्या कोपऱ्यावर मूठ मारली की उघडते."

"सोबत कुणी आहे?"

"एक मुलगी आहे, वर्मॉंटची. चांगल्या घरची. सकाळी उठल्या उठल्या गाते."

"आणि भात? भात मिळतो?"

"मिळतो. पण मोकळा असतो, काट्यानं खायचा."

"मोकळा भात," तो म्हणाला आणि हसला. "बिचारी माझी. थंडी वाजत नाही ना?"

"गरम वाफेचे पाइप खडखडतात, पण खोली ऊबदार असते. पहिल्या आठवड्यात त्या आवाजानं झोप लागत नाही. मग सवय होते. नंतर घरी आलं की उलट त्याच्याशिवाय झोप येत नाही."

वीस वर्षांनीही मला आठवून बघावं लागत नव्हतं. मी बोलत होते आणि तो मध्ये मध्ये थांबवत होता. तिकडे कुणाला तरी ख्मेरमध्ये सांगत होता, त्या लहान मुलाच्या ख्मेरमध्ये: तळं आहे, तिसरा मजला, एक मुलगी गाते. पलीकडून म्हातारीचा आवाज आला.

"घरमालकीण आहे," वुथी म्हणाला. "ती विचारतेय, इंजिनिअर व्हायला किती वर्षं लागतात?"

"चार," मी म्हटलं.

त्यानं तिला सांगितलं. ती काहीतरी म्हणाली आणि तो पुन्हा हसला.

"म्हणतेय, चार वर्षं म्हणजे काहीच नाहीत."

"नाहीतच," मी म्हटलं. "भराभर जातात."